सायबाचा माल

साहेब,

तुम्ही गेल्याला सव्वा महिना झाला. दहाव्याच्या दिवशी सरपंच मला म्हणाले, "स्मरणिकेत तुजी दोन पानं पायजेत. सायबांनी तुला विंजनेर केलं, तू न्हाई लिव्हनार तर कोन लिव्हनार?" मी हो म्हणाले. मोठ्या माणसांना मला नाही म्हणता येत नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं.

दोन वेळा लिहायला बसले. दोन्ही वेळा तिसऱ्या ओळीत 'आधारवड' आला आणि मी कागद फाडला. आता जे लिहिते आहे ते स्मरणिकेत छापणार नाहीत. कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या बाईंकडे देणार आहे. त्याही छापतील की नाही, सांगता येत नाही.

आधीच सांगून टाकते. मला तुमची किळस येते. मेलेल्या माणसाला हा शब्द लावू नये असं आई म्हणते, म्हणून मी दुसरा शोधून पाहिला. राग म्हणावं, तर राग आलेला माणूस बोलून मोकळा होतो. हे तसं नाही. घरचंच दूध, विश्वासाने तोंडाला लावलं आणि नासलेलं निघालं, तसं काहीतरी आहे. थुंकून टाकलं तरी चव जात नाही.

तुमच्या अंत्यविधीला मी संगमनेरला आले होते. हॉस्टेलच्या चार मुलींबरोबर रस्त्याच्या कडेला उभी होते. नाशिक-पुणे रस्त्यापासूनच फ्लेक्स सुरू झाले होते. तुमचा मोठा फोटो, आणि खाली दोन ओळींत हात जोडलेली माणसं, काळे गॉगल घातलेली. त्यांतले एक तुमचे भाचे. तुमच्या निधीतली निम्मी कामं करणारे ठेकेदार. माइकवरून एक जण सांगत होता, "साहेबांनी आयुष्यात कधी गुणवत्तेशी तडजोड केली नाही." तेव्हा भाच्यांनी रुमाल काढून डोळे टिपले. माझ्या शेजारची मुलगी रडत होती, मीही रडत होते. नक्की कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. थोडं तुमच्यासाठी होतं. तेही आता आठवलं की शरम वाटते.

माझे वडील गवंडी. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी तुम्हाला शेवटपर्यंत खासदार म्हटलं नाही. तुम्ही दिल्लीला गेलात, समित्यांवर बसलात, टीव्हीवर दिसायला लागलात, तरी अण्णा टीव्हीकडे बघून म्हणायचे, "विंजनेर सायेब वाळले जरा. तिकडचं जेवान मानवत न्हाई वाटतं."

आमच्या घरात तुमची एक गोष्ट होती. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की तिथे मी होते असंच वाटतं. कालव्याच्या मोरीचं काम चाललं होतं. अण्णा विशीतले, हातात नुकती थापी आलेली. तुम्ही पाटबंधारे खात्यात नवे नवे लागलेले. साइटवर एक रीत होती, ती अजूनही आहे. साहेब येणार असं कळलं की त्या दिवशी एक खेप वेगळी कालवायची. सिमेंट पुरेपूर, वाळू धुतलेली, पाणी बेताचं. तिला म्हणायचं 'सायबाचा माल'. साहेब हात लावून बघणार तो ह्या मालाला. तपासणीसाठी काँक्रीटचे चौकोनी ठोकळे भरतात, त्यांना क्यूब म्हणतात, तेही ह्याच मालाचे भरायचे. साहेबांची जीप वळली की पुन्हा रोजचा माल सुरू. यात कुणाला लबाडी वाटत नाही. पाहुणा आला की शिऱ्यात तूप जास्त घालतात, तसंच ते.

तुम्ही जीपने आलाच नाहीत. सायकल घेऊन, भरावावरून, उलट्या अंगाने आलात. रोजचा माल चालू होता. तुम्ही घमेल्यातून मूठभर उचललात, दाबून पाहिलात आणि अण्णांना विचारलंत, "हा कुणाचा माल?"

अण्णा घाबरून खरं बोलून गेले. "ह्यो रोजचा हाय सायेब. तुमचा अजून कालवायचाय."

गोष्ट सांगताना अण्णा इथे थांबायचे आणि पोट धरून हसायचे. तुम्हीही हसला होतात म्हणे. आणि हसून झाल्यावर सहा दिवसांची भिंत पाडायला लावलीत. मुकादम पाया पडला, तरी ऐकलं नाहीत. ठेकेदार मोठ्या घरचा होता. महिन्याभरात तुमची बदली आली. शेतकऱ्यांनी रस्ता अडवला, बदली काही थांबली नाही, तुम्ही राजीनामा दिलात. मग त्याच लोकांनी तुम्हाला आधी जिल्हा परिषदेत पाठवलं आणि पुढे दिल्लीला.

'साहेबांचं सगळं राजकारण एका पाडलेल्या भिंतीवर उभं आहे.' हे वाक्य मी दहावीत असताना निबंधात लिहिलं होतं. त्याला बक्षीस मिळालं, तेही तुमच्याच हातून. स्टेजवर तुम्ही मला हळूच विचारलंत, "सगळं लिहिलंस, त्या गवंड्याचं नाव का नाही लिहिलं?"

मी म्हणाले, "ते माझे वडील आहेत, म्हणून."

मग म्हणालात, "मग तर लिहायचंच. पुढं काय करणार आहेस?"

"डी.एड."

"शिकवायला पुष्कळ जणी आहेत. तू सिव्हिल घे. बापाला सांग, मी सांगितलंय."

अण्णांना दुसरं काही लागलंच नाही. हॉस्टेलला जागा नव्हती, तुमची दोन ओळींची चिठ्ठी गेली आणि जागा झाली. पहिल्या वर्षी मी पेढे घेऊन आले, तेव्हा तुम्ही मला तुमच्या नोकरीच्या काळातली एक कोरी राहिलेली वही दिलीत, निळ्या पुठ्ठ्याची. "साइटवर जे दिसेल ते त्याच दिवशी लिहायचं," म्हणालात. "दुसऱ्या दिवशी लिहिलं की त्यात शहाणपण शिरतं."

हे सगळं खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावी पाहिलेली नाही. आई अजून माझ्या कॉलेजला साळा म्हणते. मी आज सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती तुमच्या त्या चिठ्ठीमुळे. तुमचे उपकार मी विसरले असते तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

मी तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या गावात पाण्याची टाकी आली. आमचं गाव वर पठारावर. विहीर खाली ओढ्यात. बायकांची निम्मी सकाळ चढ-उतार करण्यात जायची. तुमच्या निधीतून टाकी होणार म्हटल्यावर गावाने पेढे वाटले. जागा ठरली शाळेच्या आवारात, कारण उंच जागा तीच आणि सरकारी जागाही तीच. काम तुमच्या भाच्यांकडे. अण्णांना आपल्याच गावात काम मिळालं, ते खूश होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तर अण्णा गप्प. मी साइटवर गेले. आठ कॉलम उभे होते, फळ्या नुकत्याच काढल्या होत्या. अण्णा एका कॉलमला पातळ सिमेंट फासत होते.

"काय करताय अण्णा?"

"हात मारतोय."

"कशावर?"

"तू घरी जा. ऊन हाय."

ऊन नव्हतं. मी जवळ गेले. कॉलमची खडी उघडी पडली होती. मूठ जाईल एवढ्या पोकळ्या. एका ठिकाणी आतली सळई दिसत होती. मी दगड घेऊन ठोकून पाहिलं. चांगला कॉलम खणकन वाजतो. हा बद्द वाजला. तीन कॉलम तसेच वाजले.

"भाच्यांनी सांगितलं, आचारसंहिता लागायच्या आत उरका," अण्णा म्हणाले. "शिमिट कमी, पानी जास्त. माल दाबून बसवायचा व्हायब्रेटर तर आनलाच न्हाई."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"बोललो. म्हनले, गवंडीमामा, तुमास्नी जमत नसंल तर दुसरे गवंडी लई हायेत."

"आणि क्यूब?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "भरले की. सायबाच्या मालाचे."

मला तेव्हा अण्णांचा राग आला होता. तेवढ्यात तेच म्हणाले, "विंजनेर सायबांस्नी ह्ये ठावं न्हाई. त्यांच्या कानावर घाल. कळलं तर उभी ठेवायचे न्हाईत."

म्हणून मी तुमच्या बंगल्यावर आले. गुरुवार होता, लोकांना भेटायचा दिवस. गर्दीतून तुम्ही मला ओळखलंत. "काय इंजिनियर, काय काढलंस?" मी वही पुढे केली. त्याच दिवशी लिहिलं होतं, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. तुम्ही उभ्या उभ्या सगळं वाचलंत. पान उलटून मागेही बघितलंत. मग वही परत देत म्हणालात, "लोकार्पणाला मीच येतोय. स्वतः बघतो. कुणाजवळ बोलू नकोस."

परत जाताना एसटीत मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. घरी सांगितलं तर अण्णा म्हणाले, "पाडू की. आपनच पाडू. हप्त्यात पाडतो." स्वतः बांधलेलं स्वतःच पाडायचं म्हणून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तुम्ही आलात ते संक्रांतीनंतर. त्याआधी तीन दिवस गावात काय चाललं होतं ते तुम्हाला सांगते. शाळेला पुढच्या बाजूने रंग दिला, मागच्या बाजूने नाही. रस्त्यावर मुरूम टाकला, तुमची गाडी जिथे थांबणार तिथपर्यंत. शाळेच्या संडासाला कुलूप लावलं, दाराला पडदा लावला आणि पडद्यापुढे कुंड्या ठेवल्या. ज्या पोरांना धड चप्पल नव्हती त्यांना मागच्या रांगेत बसवलं. तुमच्यासाठी अख्खं गाव वेगळं कालवलं होतं, साहेब. आणि हे कळणारा एकच माणूस त्या दिवशी तिथे येणार होता.

अण्णांनी सकाळीच दाढी केली. धुतलेली टोपी घातली. टाकीच्या बाजूला, मंडपाच्या कडेला उभे राहिले, हाक मारली की लगेच जाता यावं म्हणून.

तुम्ही गाडीतून उतरून थेट टाकीकडे गेलात. स्टेजवरच्या लोकांची धांदल उडाली. तुम्ही तिसऱ्या कॉलमपाशी थांबलात आणि बोटातल्या अंगठीने टकटक केलंत. बद्द. थोडं खाली पुन्हा केलंत. बद्द. तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत, मग अण्णांकडे. अण्णा एक पाऊल पुढे आले. मला वाटलं, आता विचारणार. हा कुणाचा माल?

तुम्ही खिशातून रुमाल काढलात, बोटाला लागलेली सिमेंटची भुकटी पुसलीत आणि स्टेजवर गेलात.

तो रुमाल माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तुम्हाला कळलंच नसतं तर मी तुम्हाला माफ केलं असतं. दिल्लीत राहून राहून कान गेला असेल, असं म्हटलं असतं. पण तुम्हाला ऐकू आलं होतं. दुसऱ्यांदा ठोकलंत ते खात्री करून घ्यायला.

मग तुम्ही वीस मिनिटं बोललात. त्यात भिंतीची गोष्ट सांगितलीत. सायकल, भराव, मूठभर माल, सगळं. "एक गवंडी म्हणाला, तुमचा अजून कालवायचाय साहेब!" मंडप हसला, टाळ्या पडल्या. तो गवंडी दहा हातांवर उभा होता. त्याच्याकडे तुम्ही बोटही केलं नाहीत.

आणि मग मला स्टेजवर बोलावलंत. "ही आमची गावची इंजिनियर. फीत हिच्या हातून." कात्री माझ्या हातात दिलीत, वरून तुमचा हात. मी कापली. हे मी लपवणार नाही. मला ती खाली ठेवता आली असती. समोर आई बसली होती, नळाला पाणी आलं तेव्हा ती ओंजळ धरून प्यायली आणि माझ्याकडे बघून रडली. तिला वाटलं, हे पाणी पोरीने आणलं. किळस येते म्हणते ना, त्यात मीही आहे. तुमच्या दहाव्याला जो फ्लेक्स लागला त्यावर तोच फोटो होता. तुम्ही, मी आणि कात्री.

आठ दिवसांनी मी पुन्हा बंगल्यावर आले. आपलं जे काही भांडण झालं, ते तेवढंच. त्यालाही भांडण म्हणावं का, मला कळत नाही, कारण मी फारसं बोललेच नाही.

तुम्ही म्हणालात, "रिपोर्ट बघितला मी. क्यूब पास आहेत."

"साहेब, ते क्यूब..."

"मला माहितीये ते कशाचे आहेत."

तुम्ही तोंडी परीक्षेत विचारतात तसं विचारलंत, "फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणजे काय? सांग."

मी सांगितलं. सवयच तशी. "जेवढं वजन येणार, त्याहून जास्त पेलायची ताकद आधीच ठेवायची."

"मग. त्यात बसतं ते. इतकं घाबरायचं नसतं." मग तुम्ही हसलात. "हे सगळीकडेच ठेवावं लागतं बाळ. राजकारणात तर जास्तच."

साहेब, ती जास्तीची ताकद माणसाच्या चुकीसाठी ठेवलेली असते. कुणी चोरी करणार म्हणून ठेवलेली नसते. हे मी तिथे बोलले नाही. एसटीत बसल्यावर सुचलं. मला नेहमी एसटीत बसल्यावरच सुचतं. पण तुम्हाला हे सुचायला एसटीत बसायची गरज नव्हती. हा शब्द तुम्ही माझ्याआधी कितीतरी वर्षं शिकला होतात.

निघताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "आणि हे बघ, चौकशी लागली तर आधी कुणाचं नाव येतं? ठेकेदाराचं नाही येत. गवंड्याचं येतं. बापाचा विचार कर."

ही काळजी होती की धमकी, याचा मी वर्षभर विचार केला. कधी वाटायचं, तुम्ही खरंच आम्हाला जपत होतात. कधी वाटायचं, हे असं बोलायला तुम्ही किती जणांवर शिकला असाल. हात मात्र मायेचाच होता, वडिलांचा असावा तसा. मला वाटतं, दोन्ही खरं असावं. तुम्हालाही शेवटी शेवटी त्यातला फरक कळत नसावा. तुमच्या कारकिर्दीचं काय झालं असं मला कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगू शकते.

मी गप्प बसले, एक वर्ष. सुट्टीत गेले की टाकीखाली जायचे. पोरं तिथे सावलीला खिचडी खायला बसायची. मास्तर मला म्हणायचे, "टाकीनं बरं झालं बघ, तिच्यासाठी तोडलेल्या झाडाची कसर भरून निघाली." तिसऱ्या कॉलमला एक चीर होती. आधी नख जायचं, मग पोस्टकार्डाची कड जायला लागली. मी वहीत लिहायचे आणि वही बंद करायचे. त्याच दिवशी लिहिण्यात काही कसूर केली नाही. पुढे मात्र काहीच केलं नाही.

मग तुम्ही आजारी पडलात. हॉस्पिटलमधून तुमच्या माणसाचा फोन आला, "परीक्षा झाली की साहेबांनी बोलावलंय. काहीतरी बोलायचंय म्हणतात." परीक्षा संपली. मी पहिल्या दिवशी गेले नाही, दुसऱ्या दिवशीही गेले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेल्याचं कळलं.

काय बोलायचं होतं? हॉस्टेलच्या बाई म्हणाल्या, त्यांना नक्कीच टाकीचं सांगायचं असेल, मन खात असेल. असेल. किंवा माझ्या नोकरीचं असेल. आधी मला फार रुखरुख लागली. आता मी मनाशी ठरवलं आहे की त्या संशयाचा फायदा तुम्हाला द्यायचा नाही. टाकीचं बोलायचं होतं तर तुमच्याकडे वर्ष होतं, फोन होता, कलेक्टर ऐकत होते. माझी परीक्षा संपायची वाट बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी आले नाही, याचं वाईट वाटतं ते मात्र वाटतंच. माणूस बोलावत होता आणि मी गेले नाही.

दहाव्याला सरपंचांनी जाहीर केलं की टाकीला तुमचं नाव द्यायचं. मंत्री येणार, मंडप टाकीखालीच. मी घरी आले आणि जेवताना अण्णांना म्हणाले, "मी अर्ज देणार आहे. टाकी तपासा म्हणून. तुमचं नाव येईल त्यात."

आई म्हणाली, "नळ बंद करत्याल की गं."

अण्णा भाकरी मोडत राहिले. मी वाट बघितली. शेवटी पाणी पिऊन ते म्हणाले, "लिव्ह. कुनी वतलं ते बी लिव्ह, वतनाऱ्याची साक्ष नसंल तर भाच्याचे क्यूब खरे ठरत्याल."

आम्ही दोघं ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "मामा, ह्यात तर तुमचंच नाव हाय की."

"व्हय भाऊसाहेब."

"उद्या तुमच्यावरच शेकंल ना हे."

"टाकी पडल्यावर बी शेकनारच हाय. मंग आत्ताच घ्या."

अर्ज पुढे गेला आणि आठ दिवसांत पंचायत समितीतून माणसं आली. एवढी घाई का, ते मला ग्रामसेवकांनीच सांगितलं. मंत्र्यांची खुर्ची टाकीखाली असणार होती. वर्षभर पन्नास पोरं तिथे ताटं घेऊन बसली, त्याचं कुणाला काही नव्हतं. एका खुर्चीसाठी टाकी रिकामी झाली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तुम्ही गेलात, पण गावात, ऑफिसात, सगळीकडे अजून साहेबांसाठीच माल कालवतात. तुम्हाला हे मोडता आलं असतं. तुम्ही एकदा मोडलंही होतं. म्हणून मला इतरांपेक्षा तुमची चीड जास्त येते.

नळ बंद झाले. आई कळशी घेऊन पुन्हा ओढ्यावर जायला लागली. मीही तिच्याबरोबर गेले. विहिरीवर बायकांनी मला सोडलं नाही.

"आली बघा विंजनेरीन. फीत कापली तिनंच, नळ बी कापला तिनंच."

"तिच्या साळंत नळ आसतील की. तिला काय?"

आमच्या शेजारची काकू सगळ्यांत हळू बोलली, ते सगळ्यांत जास्त लागलं. "साहेब हुते तवर तोंड शिवलं हुतं व्हय गं तुजं? मेल्यावर बरी वाचा फुटली."

तुम्ही असताना मी हा अर्ज दिला असता का? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. आईने माझी कळशी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली आणि चढ लागल्यावर एवढंच म्हणाली, "साळा उद्या भरंल. टाकीखाली पोरं बसू दिऊ नगंस."

चार दिवसांपूर्वी तपासणी झाली. शाखा अभियंता माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. कॉलममधून आवाज पाठवून आतली पोकळी सांगणारं यंत्र त्याने आणलं होतं. आवारात सरपंच होते, मास्तर होते. तुमचे भाचे लांब गाडीत बसून होते. अभियंत्याने विचारलं, "खराब कॉलम कुठले, कुणाला माहिती आहे का? तिथून सुरुवात करतो."

अण्णांनी मास्तरांकडून खडू मागून घेतला. एक एक करून तीन कॉलमवर फुल्या मारल्या. ते तीन माझ्या वहीत होते. मला वाटलं, झालं. पण अण्णा खडू घेऊन पुढे गेले, सातव्या कॉलमपाशी थांबले. हा सरळ, गुळगुळीत कॉलम. मी तो ठोकून पाहिला होता, खणखणीत वाजला होता. त्यावरही त्यांनी फुली मारली.

"हा तर चांगला दिसतोय मामा," अभियंता म्हणाला.

"वरनं."

"ह्याच्यातही सिमेंट कमी घातलं का त्यांनी?"

लांब गाडीची काच खाली झाली. अण्णांनी तिकडे बघितलं, मग अभियंत्याकडे.

"न्हाई. ह्येचा माल चांगला हुता. त्या दिशी मला कटाळा आल्ता. नुस्ता वरनं वतला, सळईनं कोचला न्हाई. आत पोकळ ऱ्हायला आसंल. ठेकेदाराचं काय न्हाई ह्यात. माजं हाय."

अभियंत्याचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्यांची मुलगी हे त्याला मास्तरांनी सांगितलं होतं. "हे लिहू का मामा? लिहायलाच पाहिजे असं नाही."

"लिव्हा," अण्णा म्हणाले. "तुमी विचारलं म्हनून सांगितलं."

यंत्र लावलं. सातवा कॉलम आतून पोकळ निघाला.

साहेब, फीत कापल्यावर आठ दिवसांनी मी पुन्हा तुमच्या बंगल्यावर आले होते, ती तुमच्या तोंडून 'माझं आहे' एवढंच ऐकायला.